आपले लेकरू कुठे आहे?



रविवारची मिस्सा संपली की आपण लगेच घरी जात नाही. चर्चच्या आवारात पाच-दहा मिनिटे थांबतो. पाऊसपाण्याचे, मक्याचे, आल्याच्या भावाचे बोलणे होते आणि मग एक प्रश्न हमखास निघतो, "पोरगं कुठं असतं आता?" उत्तरेही ठरलेली असतात. "संभाजीनगरला आहे, होस्टेलला." "लातूरला टाकलंय, नीटच्या क्लासला." "बोर्डिंगात आहे." "आजीपाशी होतं, आम्ही कारखान्यावर होतो ना." गावाचे नाव सांगितले की विचारणाऱ्याचे समाधान होते आणि सांगणाऱ्याचेही.

जून महिना आला. निकाल लागले, शाळा उघडल्या, आपली मुले दप्तरे आणि पेट्या घेऊन आपापल्या ठिकाणी गेली. अशा वेळी एका प्रश्नाचा विचार आपण सर्वांनी मिळून करावा असे वाटते. मुलाचा पत्ता ठाऊक असणे म्हणजे मूल कुठे आहे हे ठाऊक असणे काय? मुलाच्या पोटाची, कपड्यांची, फीची जबाबदारी आपली आहे हे आपण मानतो. त्यासाठी कर्ज काढतो, उपाशी राहतो. त्याला स्नानसंस्कार देतो, धर्मशिक्षणाला पाठवतो. पण त्याच्या मनाची जबाबदारी कोणाची? ते मूल आतून खचले असेल आणि आपल्याला कळलेच नाही, तर त्यात आपला काही दोष आहे काय? की 'आम्ही सगळे दिले, आता त्याचे तो जाणे' असे म्हणून आपल्याला मोकळे होता येते?

एका दिवसाची वाट

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला फार लांब जावे लागत नाही. संत लूकच्या शुभवर्तमानातील दुसऱ्या अध्यायात ती घटना आहे. पवित्र कुटुंबाच्या सणाला दर तीन वर्षांनी आपण ती मिस्सामध्ये ऐकतो. येशू बारा वर्षांचा होता. वल्हांडण सणासाठी आई-वडील त्याला घेऊन यरुशलेमला गेले. सण संपल्यावर गावकऱ्यांच्या आणि नातलगांच्या घोळक्याबरोबर ते परत निघाले. मुलगा मागे राहिला होता. त्यांना वाटले, तो घोळक्यातच असेल. असे वाटण्यातच एक संपूर्ण दिवसाची वाट चालून झाली.

आपण ह्या ठिकाणी थोडे थांबू या. हे कोणी बेफिकीर आई-बाप नव्हते. जगात त्यांच्यापेक्षा पवित्र आई-बाप झाले नाहीत, असा आपला विश्वास आहे. तरी एक पूर्ण दिवस आपले मूल कुठे आहे ते त्यांना ठाऊक नव्हते. तेव्हा मुलाचे मन हरवल्याचे आपल्या वेळेवर लक्षात आले नाही, म्हणून आपण लगेच वाईट आई-बाप ठरत नाही. शुभवर्तमान तसा दोष योसेफ आणि मरियेला देत नाही, आपल्यालाही देत नाही.

पण पुढे त्यांनी काय केले ते महत्त्वाचे आहे. ते परत फिरले. पुढे घर होते, सुतारकाम खोळंबले असेल, सोबतचे लोक पुढे जात होते. तरी ते चाललेली सगळी वाट उलट चालले. तीन दिवसांनी मुलगा मंदिरात सापडला. तेव्हा मरियेने त्याला आधी विचारले की, तू असे का केलेस. आणि तुझे वडील आणि मी किती कासावीस होऊन तुला शोधत होतो, हे स्वतःचे दुःख तिने त्याला मोकळेपणाने सांगितले. तिने निकाल दिला नाही. लोकांसमोर त्याचा पाणउतारा केला नाही. मुलाने उत्तर दिले. ते उत्तर त्या दोघांना समजले नाही, असे संत लूक स्पष्ट लिहितो. समजले नाही तरी मरियेने ते फेकून दिले नाही. तिने ते सारे अंतःकरणात जपून ठेवले. मुलगा त्यांच्याबरोबर नाझरेथला गेला, त्यांच्या आज्ञेत राहिला आणि ज्ञानाने व शरीराने वाढत गेला.

परत फिरणे, विचारणे, आपले मन उघडे करणे, आणि समजले नाही तरी जपून ठेवणे. आई-वडिलांच्या कर्तव्याविषयी मोठमोठी पुस्तके आहेत. पण माझ्या मते ह्या चार गोष्टींत बरेचसे येऊन जाते.

दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१६ साली कुटुंबावर 'आमोरिस लेतित्सिया' हे पत्र लिहिले. त्याचा सातवा अध्याय मुलांच्या जडणघडणीवर आहे. तिथे ते आई-वडिलांना हाच प्रश्न विचारतात. मूल ह्या क्षणी कोणत्या जागी आहे आणि कोणाबरोबर आहे, एवढेच विचारू नका, असे ते सांगतात. त्याचे मन कुठे आहे, त्याचा विश्वास, त्याच्या इच्छा, त्याची स्वप्ने कोणीकडे चालली आहेत ते जाणून घ्या. मुलाच्या प्रत्येक हालचालीवर पहारा ठेवणे म्हणजे त्याला वाढवणे नव्हे, असेही ते बजावतात. आज मुलाच्या हातात मोबाइल आहे आणि तो कुठे आहे ते आपल्या मोबाइलवर दिसते. पण तो कशाने रडतो ते त्यात दिसत नाही.

माझी चूक

हे मी उपदेश म्हणून लिहीत नाही. माझ्याकडून जे झाले ते सांगण्यासाठी लिहीत आहे. मुलाला विचारूनच लिहीत आहे.

मी दर रविवारी धर्मग्रामातील लहान मुलांना धर्मशिक्षण देतो. बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडल्याची गोष्ट मी कितीतरी वेळा शिकवली आहे. माझ्या मुलाला दहावीला चांगले गुण मिळाले. आम्ही हौसेने त्याला बाहेरगावी अकरावी सायन्सला घातले. खोली घेतली, क्लास लावला. ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला, "पप्पा, मला इथं करमत नाही." मी म्हणालो, "करमायला तू काय यात्रेला गेलास का? आमच्या वेळी पायात चप्पल नव्हती." तो गप्प झाला. नंतरही दोनदा त्याने तसेच काहीतरी म्हटले. मी दोन्ही वेळा माझ्या लहानपणाची गोष्ट सांगितली. त्यानंतर तो म्हणायचाच बंद झाला. मला वाटले, रुळला.

दिवाळीला तो घरी आला तेव्हा दिवसभर झोपून असायचा. ताटातले तसेच ठेवायचा. ज्या पोराला क्रिकेटवरून ओढून आणावे लागे, तो मित्र हाक मारायला आले तर 'नाही म्हणून सांगा' म्हणायचा. मी म्हणालो, मोबाइलने पोरगं बिघडलं. मोबाइल काढून घेतला. रात्री जपमाळेला त्याचे लक्ष नसे, तेव्हा सगळ्यांसमोर बोललो की, देवाला विसरल्यावर दुसरे काय होणार.

माझ्या आईला लिहिता-वाचता येत नाही. ती एके रात्री मला म्हणाली, "अरे, त्याला लई बोललास. आता एकदा इचार तरी. लेकराचं काहीतरी हरवलंय." मी तिलाही उडवून लावणार होतो. पण हरवलंय हा शब्द ऐकला आणि मी रविवारी जे शिकवतो तेच मला आठवले. मी मुलाजवळ जाऊन बसलो. काय बोलावे सुचेना. म्हणालो, "तुला काय होतंय ते मला समजत नाही. मी रागावणार नाही. तू सांग." तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "पप्पा, मला वाटतं मी नसतो तर तुमचे पैसे वाचले असते."

बंधू-भगिनींनो, हे वाक्य ऐकल्यावर बापाचे काय होते ते लिहिता येत नाही. चार महिने ते त्या पोराच्या मनात होते. मी त्याला महिन्याला पैसे पाठवत होतो आणि प्रत्येक वेळी किती कष्टाचे आहेत ते ऐकवत होतो. तो तेवढेच ऐकत होता.

आम्ही त्याला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी नैराश्य असल्याचे सांगितले, औषधे दिली आणि त्याच्याशी दर पंधरा दिवसांनी बोलायला बोलावले. आणि इथे मी दुसरी चूक केली. चर्चच्या आवारात कोणी विचारले तर मी सांगायचो, कावीळ झाली आहे. एकदा तो माझ्या शेजारी उभा होता. घरी येताना म्हणाला, "कावीळ झाली असती तर बरं झालं असतं ना पप्पा?" लोकांपासून लपवण्यासाठी मी जे खोटे बोललो, त्यातून मी माझ्याच मुलाला सांगत होतो की, तुझे हे दुखणे लाजेचे आहे. त्याचे मला पापनिवेदन करावे लागले. पण त्याहून अवघड होते ते मुलाची क्षमा मागणे. तीही मागितली.

त्याला बरे व्हायला वर्ष लागले. त्याने सायन्स सोडले. आज तो आपल्या आवडीचे शिकतो आहे आणि अधूनमधून त्याला अजूनही जड दिवस येतात. तेव्हा तो सांगतो. हे सांगणे ही आमच्या घरातली मोठी कृपा आहे असे मी मानतो.

'आम्ही मार खाऊनच मोठे झालो'

हे ऐकून कोणी म्हणेल, आजकालच्या पोरांचे फार लाड झाले. आम्ही मार खाल्ला, उपास काढले, आमचे काय बिघडले?

ह्या म्हणण्यात काही खरे आहे. शिस्त हवीच. सगळे हट्ट पुरवलेले मूल पुढे पहिल्या अपयशालाच कोलमडते. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मध्ये श्याम पोहायला घाबरून लपतो तेव्हा त्याची आई त्याला फटके देऊन विहिरीवर पाठवते, हे आपण सर्वांनी वाचले आहे. पण ती आई एवढ्यावर थांबत नाही. तो परत आल्यावर ती त्याला जवळ घेते आणि आपण का मारले ते समजावते. आपण फटके तेवढे लक्षात ठेवले आणि जवळ घेणे विसरलो. शाळेत तर आता मारणेच काय, मुलाचा मानसिक छळ करणेही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मना आहे. घरात तो कायदा नाही. पण घरात संत पौल आहे. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तो मुलांना आई-वडिलांच्या आज्ञेत राहायला सांगतो आणि लगेच पुढच्याच ओळीत बापांना सांगतो की, मुलांना चिरडीस आणू नका, नाहीतर ती खचतील. मुलांचा आज्ञाधारकपणा आपण पाठ केला आहे. त्याच्या खालची ओळ आपल्यासाठी आहे. मुलाचे धैर्य खचवणे हे संत पौलाने बापाच्या नावावर लिहिले आहे, हे विसरून चालणार नाही.

आणि आपले काहीच बिघडले नाही, हे तरी खरे आहे काय? आपल्यातल्या कितीजणांना आपल्या बापाशी मरेपर्यंत दोन शब्द मोकळे बोलता आले नाहीत? कितीजण आपले दुःख दारूच्या दुकानात घेऊन गेले, कारण ते घरी सांगायची रीतच नव्हती? आपण सहन केले हे खरे. पण आपण जे सहन केले ते चांगलेच होते, असे त्यातून सिद्ध होत नाही.

संत जॉन बॉस्को ह्यांनी हजारो अनाथ, उनाड मुले सांभाळली. मुलांना शिक्षेच्या धाकाने नव्हे, तर समजावून, धर्माने आणि मायेने वळवावे, अशी त्यांची पद्धत होती. १८८४ साली रोमहून आपल्या सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी सांगितले की, मुलांवर प्रेम करणे पुरेसे नाही. आपल्यावर प्रेम केले जात आहे हे मुलांना स्वतःला कळले पाहिजे. मी माझ्या मुलावर प्रेम करत होतो. ते त्याला कळत नव्हते.

दुःखी असणे म्हणजे विश्वास कमी असणे काय?

आपल्या भाविक घरांत दुसरा एक गैरसमज आहे. मूल उदास असले की आपण म्हणतो, प्रार्थना कमी पडते. कोणी बाहेरची बाधा म्हणतो. ह्याविषयी आपली ख्रिस्तसभा काय सांगते ते नीट पाहिले पाहिजे.

जुन्या करारातील एलिया हा केवढा मोठा संदेष्टा! राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात तो रानात एका झुडपाखाली बसतो आणि आता पुरे, माझा जीव घे, असे देवाला म्हणतो. देवाने त्याला विश्वास कमी म्हणून रागावले नाही. देवदूत आला, त्याने एलियाला स्पर्श करून उठवले, भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा उठवून खायला दिले, कारण पुढची वाट त्याला झेपणार नव्हती. तू इथे काय करतोस, हे देवाने त्याला विचारले ते नंतर. आधी झोप, आधी अन्न, आधी हात. खचलेल्या माणसाशी देव स्वतः असा वागला.

'लहान पुष्प' संत तेरेजा आपल्या सर्वांना प्रिय आहे. तिची आई १८७७ साली वारली तेव्हा ती साडेचार वर्षांची होती. मग आईच्या जागी मानलेली थोरली बहीण पोलीन मठात गेली. पुढच्या वर्षी, १८८३ मध्ये, दहा वर्षांची तेरेजा विचित्र आजाराने अंथरुणाला खिळली. पवित्र मरियेच्या मूर्तीकडे पाहताना मरिया हसली आणि आपण बरे झालो, असे ती पुढे सांगत असे. वडील आणि बहिणी तिच्या उशाशी होते. ते डॉक्टरांना बोलवत होते आणि प्रार्थनाही करत होते. पुढे तिच्या वडिलांचेच, लुई मार्टिन ह्यांचे, मन आजारी पडले आणि १८८९ पासून तीन वर्षे त्यांना मनोरुग्णांच्या रुग्णालयात ठेवावे लागले. मुली मठात गेल्या म्हणून बापाचे असे झाले, असे लोक बोलत. हेच लुई मार्टिन आणि त्यांची पत्नी झेली ह्यांना १८ ऑक्टोबर २०१५ रोजी ख्रिस्तसभेने संत म्हणून जाहीर केले. मनाच्या दवाखान्यात तीन वर्षे राहिलेला एक बाप आज वेदीवर आहे. मग आपल्या मुलाला त्या दवाखान्यात नेताना आपण तोंड का लपवावे?

प्रार्थना की डॉक्टर, असा प्रश्नच पवित्र शास्त्रात नाही. बेनसिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय वाचून पाहा. आजारपणात देवाची प्रार्थना कर आणि मग वैद्यालाही जागा दे, कारण त्यालाही परमेश्वरानेच निर्माण केले आहे, असे तिथे सांगितले आहे.

आणखी एक गोष्ट जड मनाने लिहितो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ ह्या एका वर्षात आपल्या देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपवले. त्यांत सर्वांत जास्त, १,७६४, आपल्या महाराष्ट्रातील होते. ज्या घरावर असे संकट आले आहे त्या घराकडे बोट दाखवू नका. १९८३ च्या धर्मविधीसंहितेपासून अशा व्यक्तीला केवळ त्या कारणाने ख्रिस्ती अंत्यविधी नाकारला जात नाही. १९९२ चा कॅथलिक कॅटेकिझम सांगतो की, मनाच्या गंभीर आजाराने माणसाची जबाबदारी कमी होते आणि अशा व्यक्तीच्या तारणाविषयी आपण आशा सोडू नये. देशाचा २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही असा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताणाखाली असलेला मानतो आणि त्याला शिक्षा नव्हे, उपचार द्यायला सांगतो.

जवळ नसलेल्या आई-बापाने काय करावे?

आपल्या तालुक्यातील कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळी झाली की उचल घेतलेली असल्यामुळे मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून ऊसतोडीला जातात. कोयता नवरा-बायको दोघांचा असतो. मुले एकतर फडावर जातात, नाहीतर आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. अशा आईला 'मुलाजवळ राहा' असे सांगणे म्हणजे तिच्या जखमेवर मीठ चोळणे आहे. तिला कोणी पर्याय दिला आहे?

पण पोप फ्रान्सिस ह्यांचा प्रश्न इथे आपल्याला दिलासाही देतो. मुलाचे मन कुठे आहे हे जागेवर अवलंबून नाही. मी मुलाला रोज फोन करत होतो, तरी दूर होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी माझी गत होती. उलट फडावरून रात्री पाच मिनिटे फोन करणारी आई, अभ्यास आणि पैसे ह्यांच्या आधी 'आज कोणाशी खेळलास, आज काय वाईट वाटलं?' असे विचारत असेल, तर ती त्याच्याजवळच असते. आणि तिथे मागे राहिलेल्या मुलाला आपण बाकीचे धर्मग्रामस्थ कमी पडता कामा नये. योसेफ आणि मरियेने मुलाला आधी नातलगांत आणि ओळखीच्यांत शोधले, ते उगीच नाही. मूल सगळ्या गावाचे असते असा त्यांचा भरवसा होता. तो भरवसा आपल्याबद्दल कोणाला ठेवता येईल काय?

काही साध्या गोष्टी डॉक्टरांकडून आणि अनुभवातून शिकलो, त्या सांगतो. मुलाची झोप, भूक, खेळ, मित्र, अभ्यास ह्यांत एकदम बदल झाला आणि तो दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर त्याला आळस म्हणू नका. विचारा. मूल मरणाची भाषा बोलत असेल, 'मी ओझे आहे' म्हणत असेल, तर ते मनावर घ्या. तसे विचार येतात का, हे सरळ आणि प्रेमाने विचारा. विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही, उलट त्याचे ओझे हलके होते. अशा दिवसांत त्याला एकटे सोडू नका. आपण शेतकरी माणसे, फवारणीची औषधे घरात पलंगाखाली ठेवतो. ती कुलपात ठेवा. दहावीला नापास झालेल्या मुलाला २०१५ पासून त्याच वर्षी फेरपरीक्षा देता येते. निकालाच्या दिवशी त्याला शिव्या देण्याआधी हे सांगा.

सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर रात्री-अपरात्री केव्हाही फोन करता येतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. मुलानेच नाही, आई-वडिलांनीही केला तरी चालतो. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. फादर आणि सिस्टर ह्यांच्याशी बोला, ते ऐकतील. पण त्यांच्याशी बोलणे हे डॉक्टरांच्या जागी नाही, डॉक्टरांच्या बरोबरीने आहे.

तर सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर काय? मुलाचे मन हरवले हा प्रत्येक वेळी आपला दोष नसतो. आजार कोणाच्याही घरी येतो, योसेफ आणि मरियेच्या हातूनही मूल मागे राहिले. पण मागे राहिले आहे हे कळल्यावर, किंवा कोणी सांगितल्यावर, न फिरता तसेच पुढे चालत राहणे हा मात्र दोष आहे. मी चार महिने तसा चाललो. माझ्या आईने मला परत फिरवले. प्रत्येक घरात अशी आई नसते. म्हणून हे लिहिले.

आज मिस्सानंतर आवारात कोणी विचारेल, पोरगं कुठं असतं? गावाचे नाव सांगा. पण घरी गेल्यावर त्या पोराला एक फोन करा आणि गुणांचा विषय न काढता विचारा, "बाळा, तू कसा आहेस?" तो म्हणेल, बरा आहे. मग फोन ठेवू नका. थोडे थांबा.

हे पवित्र मरिये आणि संत योसेफा, तुम्ही तीन दिवस आपल्या मुलाला शोधले. आम्हांला परत फिरण्याचे बळ दे, ऐकण्याचा धीर दे, आणि जे समजत नाही ते अंतःकरणात जपण्याची कृपा प्रभूकडून मिळवून द्या. आमचे प्रत्येक लेकरू सुखरूप सापडो. आमेन.